थोरल्या अण्णांना विष कोणी घातलं

ज्या दुपारी थोरल्या अण्णांना विष घालण्यात आलं, त्या दुपारी मी आणि माझ्या सासूबाई चिकपेटच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या घरी अवऱ्याचे, म्हणजे पावट्याचे, दाणे सोलत बसलो होतो. थोरले अण्णा इंग्लंडच्या उत्तर भागात राहत. त्यांची लोकरीची गिरणी होती, आणि एका तीन भागांच्या इंग्रजी कादंबरीच्या पहिल्या भागात, शेवटून तिसऱ्या पानावर ते वारले. ते कादंबरीतले होते हे मी तुम्हाला पहिल्याच परिच्छेदात सांगून ठेवते. त्या वेळी ते सांगायचं राहिलं, आणि त्यापायी माझ्या नणंदेचं जमत आलेलं लग्न मोडायच्या बेताला आलं.

तुम्ही दोघं फोनवर नेहमी विचारता, "आजी, तुझ्या कपाटात एवढे खून कशाला?" मी उत्तर द्यायला सुरुवात केली की तिकडे तुमच्या शाळेची वेळ होते. म्हणून लिहून पाठवते. क्रमाने लिहिते.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. मी पुण्याची, इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली. लग्न होऊन बंगळूरला आले. तुमचे आजोबा सरकारी कारखान्यात इंजिनियर होते आणि सकाळी सहाला घराबाहेर पडत, त्यामुळे या हकिगतीत ते फारसे येणार नाहीत. सासरचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी या गावात आलेलं. त्यांची मराठी ऐकून मी पहिले सहा महिने मान डोलवत असे आणि मग आत जाऊन अर्थ लावत असे. सासूबाईंना पोटची मुलं अम्मा म्हणत आणि बाकी सगळं घर 'अत्ते' म्हणे. कानडीत सासूला किंवा आत्याला तसं म्हणतात. मीही तेच म्हणू लागले. सासरे सर्वेक्षण खात्यातून निवृत्त झाले होते. त्यांना मी पुण्याच्या सवयीने मामंजी म्हणे. धाकटी नणंद मुलींच्या शाळेत गणित शिकवायची.

इंग्रजी कादंबऱ्या मिळायच्या त्या दंडूत. कँटोन्मेंटला आमच्याकडे दंडू म्हणत. तिथे एका अँग्लो-इंडियन बाईंनी आपल्या बंगल्याच्या पुढच्या खोलीत वाचनालय काढलं होतं. मायदेशी परतणाऱ्या इंग्रज कुटुंबांनी जहाजावर न्यायला जड म्हणून टाकून दिलेली पुस्तकं त्यांनी गोळा केली होती. नियम तीन. एका वेळी एकच पुस्तक, मुदत चौदा दिवस, आणि घेतलेलं पुस्तक तिसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. मी एका शनिवाराआड बसने जात असे.

मला दोनच प्रकार आवडत. एक, खुनाच्या कादंबऱ्या. त्यांत शेवटी प्रत्येक जण रात्री दहा ते अकरा कुठे होता हे नीट सांगितलेलं असतं. आपल्या घरात एवढी चौकशी कधीच पुरी होत नाही. दुसरा, घराण्यांच्या मोठ्या कादंबऱ्या. त्यांच्या पहिल्या पानावर वंशावळ छापलेली असते. ज्या पुस्तकात वंशावळ आहे ते घाईत लिहिलेलं नसतं, असं माझं मत होतं. तीन भागांची जी कादंबरी मी सांगते आहे तिच्यात वंशावळ होती आणि खूनही होता.

अत्तेंना इंग्रजी येत नव्हतं. पहिल्या वर्षी एकदा त्यांनी विचारलं, "एवढं काय आहे त्यात?" मी तेव्हा वाचत असलेल्या पुस्तकातला खून सांगितला. एक जमीनदार जेवणानंतर मेलेला सापडतो, घरात सात पाहुणे. मी सातही नावं सांगितली.

"ही नावं माझ्या तोंडात बसत नाहीत," अत्ते म्हणाल्या. "नाती सांग. कोण कोणाचं कोण?"

तेव्हापासून आमच्याकडे इंग्लंडातली सगळी माणसं नात्यांनी ओळखली जाऊ लागली. घरातला मोठा तो थोरले अण्णा. बहिणी वयाप्रमाणे अक्का. सुनांमध्ये थोरली, मधली, धाकटी. बटलर म्हणजे आचारी, आणि जो कोणी तपासाला येईल तो फौजदार. फौजदाराबद्दल अत्तेंचं मत कधी चांगलं झालं नाही, कारण तो बुटांसकट आत येई. या सगळ्यांना मिळून त्या 'तुझी माणसं' म्हणत. कारण मी ती आणली होती. दुपारी जेवणं आटोपली की त्या सूप घेऊन माजघरात बसत आणि म्हणत, "हं, तुझ्या माणसांचं काय झालं पुढे?"

माझा एक नियम होता. मी अत्तेंच्या पुढे वाचत नसे. सकाळी एक प्रकरण वाचायचं आणि दुपारी तेवढंच सांगायचं. नाहीतर तोंडावर दिसतं.

थोरल्या अण्णांना विष दिलं गेलं ते मार्मालेडमधून.

"संत्र्याच्या सालीचा मुरंबा?" अत्तेंनी सोलणं थांबवलं. "सालीचा?"

"हो. पावाला लावून खातात. रोज सकाळी."

"आणि गर?"

"गरही थोडा घालतात."

"अय्यो. मग विषाची काय गरज होती?"

संशय मधल्या सुनेवर होता. ती विधवा होती आणि घरच्या वकिलाशी दुसरं लग्न करायच्या विचारात होती. थोरल्या अण्णांचा त्याला विरोध होता. अत्तेंचा संशय सरळ वकिलावर होता. "वकील कागदावर सही घेऊन घरी जातो," त्या म्हणत. "हा जेवायला का राहतो?" एकट्या धाकट्या अक्कांवर त्यांचा जीव जडला होता. धाकट्या अक्का म्हणजे थोरल्या अण्णांची बहीण, बिनलग्नाची. चाळीस वर्षं तिने भावाचं घर चालवलेलं, किल्ल्या तिच्या कमरेला. "घर उभं आहे ते तिच्यामुळे," अत्ते म्हणत. तिची चर्चा चालू असताना त्या दाणे जरा हलक्या हाताने सोलत.

मामंजी पुढच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत. कादंबऱ्या म्हणजे वेळेचा नाश असं ते म्हणत. फक्त एकदा मी मधल्या सुनेला गाडीने लंडनला पाठवलं तेव्हा त्यांनी आतल्या आवाजात सांगितलं, "त्या गावाहून जायचं तर मध्ये गाडी बदलावी लागते."

दुसरा भाग संपला आणि तिसरा मिळेना. तो कोणा दुसऱ्या वाचकाकडे होता. वाचनालयाच्या बाई नाव सांगत नसत. पाच आठवडे गेले. याच पाच आठवड्यांत नणंदेला स्थळ आलं.

मुलगा नवीन वसाहतीतला, हेब्बाळच्या बाजूला. तेव्हा हेब्बाळ म्हणजे गावाबाहेरचं तळं आणि शेतं. तीही माणसं माझ्यासारखी अलीकडे महाराष्ट्रातून आलेली. मुलगा एका कारखान्याच्या तपासणी विभागात होता. यंत्र जोडून तयार झालं की शेवटी एकदा ते बघायचं आणि शिक्का मारायचा, हे त्याचं काम. नणंदेने आधीची दोन स्थळं नाकारली होती. एकाने तिला गायला सांगितलं आणि दुसऱ्याने चालून दाखवायला. या मुलाने विचारलं, "गणितात तुम्हाला काय आवडतं?"

"पडताळा घेणं," ती म्हणाली.

तो हसला आणि म्हणाला, "माझा पगार त्याचाच आहे."

मंडळी गेल्यावर नणंद मला न्हाणीघराशी गाठून म्हणाली, "वहिनी, त्या वसाहतीकडून शाळेच्या वेळेला बस असेल का गं?" ती तेवीस वर्षांची होती. तिने आपणहून असं काही विचारल्याचं मला आठवत नव्हतं. मी सांगितलं, असेल. त्यांनी गुरुवारपर्यंत कळवतो असं सांगितलं होतं.

त्याच शनिवारी मला तिसरा भाग मिळाला. सोमवारी दुपारी अत्ते सूप घेऊन बसल्या. मी पुस्तक उघडलं.

"स्वल्प थांब," त्या म्हणाल्या. "पाच आठवडे झाले. आधी झालेलं सगळं पुन्हा सांग. काही गाळू नकोस."

मी काही गाळलं नाही. पाऊण तास सांगितलं. मुरंबा, विष, बदललेलं मृत्युपत्र, दोनदा येऊन गेलेला फौजदार, मधल्या सुनेचं वकिलाशी ठरत असलेलं दुसरं लग्न, मामाच्या मुलीला घेऊन पळालेला धाकटा मुलगा. या शेवटच्याबद्दल अत्तेंची तक्रार एवढीच की मामाच्या मुलीसाठी पळून कशाला जायचं, सरळ मागायची. मध्ये मध्ये त्या मोठ्याने म्हणत होत्या, "तुझी माणसं म्हणजे एकेक!" त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं, त्यामुळे आम्ही दोघीही चढ्या आवाजात बोलत असू. माजघराची खिडकी पुढच्या कट्ट्यावर उघडायची.

संध्याकाळी मामंजींना कट्ट्यावर एक छत्री सापडली. बायकांची, उन्हाची, काळी, मुठीला निळा दोरा बांधलेला. त्यांनी गल्लीत चौकशी केली. कोणाचीच नव्हती. त्यांनी ती पुढच्या खोलीत खुंटीला लावली आणि वर चिठ्ठी डकवली, 'सोमवारी कट्ट्यावर मिळाली'. सर्वेक्षण खात्यातल्या माणसांना अशी सवय असते.

गुरुवार आला आणि गेला. निरोप नाही. शुक्रवार, शनिवार, रविवारही गेले. नणंद शाळेतून आली की चपला काढायच्या आधी मामंजींच्या टेबलाकडे बघायची. टपाल तिथे ठेवलेलं असे. मग तोंड धुवायला जायची. मी एका कागदावर संभाव्य कारणं लिहून काढली: पत्रिका, उप्पीट, नणंदेची नोकरी, मामंजींनी त्यांना नकाशे दाखवले ते. अत्तेंनी उप्पीट खोडायला लावलं. "उप्पीट चांगलं झालं होतं," त्या म्हणाल्या. त्यांनी गोष्टही थांबवली होती. घरात मुलीच्या लग्नाची काळजी असताना खून बरा दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. तिसऱ्या भागाची आमची दोनच प्रकरणं झाली होती.

मंगळवारी मुलाच्या आईचं कार्ड आलं. 'काही गोष्टी समक्ष बोलायच्या आहेत. रविवारी येतो.' मी शनिवारी दंडूत जाऊन पुस्तक आणखी चौदा दिवसांसाठी लिहून आणलं. कामं तुंबवून ठेवणं मला जमत नाही.

रविवारी तिघं आली. मुलगा, त्याची आई आणि आईची बहीण, म्हणजे मुलाची मावशी. मावशी पहिल्या वेळी आल्या नव्हत्या. त्या आत आल्या, खुंटीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ही माझी छत्री."

मामंजींनी चिठ्ठी काढून छत्री त्यांना दिली. "सोमवारची," ते म्हणाले.

"हो, सोमवारचीच," मावशी म्हणाल्या. "मी आले होते. घर बघून ये म्हणून ताईनं सांगितलं होतं. पंचांग मागायचं निमित्त काढलं होतं. पण आत इतकं गंभीर बोलणं चाललं होतं की कडी वाजवावीशी वाटेना. बसले कट्ट्यावर."

"किती वेळ?" मी विचारलं.

"सगळं ऐकलं," त्या म्हणाल्या.

मुलाच्या आई फार सभ्य होत्या. त्या पदर सारखा करत म्हणाल्या, "आम्ही जुन्या मतांचे नाही. पण एवढं सगळं तुमच्या सुनेच्या माहेरी झालं असेल तर आधी कळायला हवं होतं. पोलीस दोनदा घरी आले म्हणजे..."

तेव्हा माझ्या लक्षात आलं: मावशींनी 'तुझी माणसं' म्हणजे माझं माहेर धरलं होतं. अत्तेंना कशाबद्दल चाललंय ते कळायला एक वाक्य जास्त लागलं. ते मावशींनी पुरवलं.

"हिच्या काकांना मुरंब्यातून विष घातलं!"

"काका कुठले? सासरे," अत्ते म्हणाल्या. "मधल्या सुनेचे सासरे."

"म्हणजे खरंच आहे तर!"

"खरं म्हणजे? सगळ्या घराला माहीत आहे."

मी उठले, माजघरातून पुस्तक आणलं आणि टेबलावर ठेवलं. मी सांगितलं की माझं माहेर पुण्याला आहे, माझे काका हयात आहेत आणि त्यांना मधुमेह असल्यामुळे ते मुरंब्याला शिवतही नाहीत. ती सगळी माणसं या पुस्तकातली. मी नाती कशी पडली ते क्रमाने सांगितलं. सांगताना मला जाणवत होतं की खरं कारण खोट्यापेक्षा कमी पटण्यासारखं आहे.

मावशींनी पुस्तक हातात घेऊन उलटसुलट बघितलं. "हे इंग्रजी आहे. यात काय आहे ते आम्हाला कसं कळणार? इंग्रजांच्या घरात अण्णा आणि अक्का असतात का?"

मुलाच्या आई म्हणाल्या, "तू बघ रे जरा. म्हणजे विषय मिटेल."

मुलाने पुस्तक घेतलं आणि सरळ मागून उघडलं. "शेवट बघतो," तो म्हणाला. "वेळ वाचेल."

"शेवट नको!" मी म्हणाले.

"शेवट का नको?" मावशी पुढे सरकल्या. "काय आहे शेवटात?"

तेवढ्यात तो वाचू लागला. घरातली आणि पाहुणी मिळून पाच माणसं त्याच्या तोंडाकडे बघत बसली. अत्तेंनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते. तो पानाला बोट लावून वाचत होता आणि एकदा मागचं पान उलटून खात्रीही केली. पाच मिनिटांनी त्याने पुस्तक मिटलं.

"थोरले अण्णा म्हणजे म्हातारे गिरणीवाले ना?" त्याने मला विचारलं.

मी मान हलवली.

"मग पुस्तकच आहे, आई. सगळं जुळतं. विष त्यांच्या धाकट्या बहिणीनं घातलं."

अत्ते उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

मुलाच्या आईंनी बहिणीकडे असं बघितलं की मला मावशींची कीव आली. "दुखावलं आपण त्यांना," त्या म्हणाल्या. "चांगल्या घरावर शंका घेतली. आमच्याकडून आता काही प्रश्न नाही. आमचा होकार आहे. त्यांना बोलवा, मी माफी मागते."

"कॉफी बघायला गेली असेल," मामंजी म्हणाले.

मी आत गेले. कॉफी नणंद बघत होती. तिने पेले मांडून ठेवले होते आणि बाहेरचं सगळं ऐकलं होतं. अत्ते पाटावर बसल्या होत्या.

"त्यांचा होकार आहे," मी सांगितलं.

"माझा नाही," अत्ते म्हणाल्या. "तीन महिने. तीन महिने मी एकेक दाणा सोलत वाट बघितली. आणि यानं एका वाक्यात! पुस्तक आहे की नाही एवढंच विचारलं होतं ना त्याला? आणि तीही धाकट्या अक्का!" त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "एवढंसं ज्याच्या पोटात राहत नाही, त्याच्या घरात मुलगी देऊन काय करायचं? सरी, ठीक आहे, सांगून टाक. पत्रिका जुळत नाही म्हणावं."

मी नणंदेकडे बघितलं. मीच ही माणसं घरात आणली होती, आणि आता माझ्याच माणसांमुळे तिचं लग्न मोडत होतं. तिने कॉफीचं भांडं खाली ठेवलं.

"अम्मा, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय?"

"कोणी घातलं ते. वहिनीनं हा तिसरा भाग आणला त्या शनिवारीच मी शेवट बघितला. मी नेहमी शेवट आधी बघते."

मला हे नवीन होतं. मीही अत्तेंइतकीच थांबले होते.

"आणि बोलली नाहीस?" अत्तेंनी विचारलं.

"तुम्ही दोघी एवढ्या रंगला होता."

"बघ! तुला तोंड मिटून बसता आलं. त्याला आलं नाही."

"त्याच्या आईनं विचारलं म्हणून त्यानं सांगितलं. आणि तुम्ही शेवट ऐकायला थांबला आहात हे त्याला कोणी सांगितलं होतं? वहिनी 'शेवट नको' म्हणाली म्हणून तो थांबला असता, तर काहीतरी लपवतोय असं झालं असतं. तो खोटं बोलायला हवा होता का?"

अत्तेंनी पदर डोळ्यांवरून काढला. मग म्हणाल्या, "पण का घातलं तिनं?"

"ते शेवटात नाही. मधे कुठेतरी असेल."

"म्हणजे ही दोघंही सारखीच," अत्ते मला म्हणाल्या. "कोणी ते माहीत, का ते नाही."

नणंदेने पेले तबकात ठेवले. "मग त्याला काय सांगू?" तिने विचारलं. "पत्रिका?"

"अख्खं पुस्तक वाचायला सांग," अत्ते म्हणाल्या. "आणि येऊन मला सांगायला सांग, का घातलं ते. मोडलंय त्यानं, त्यानंच जोडावं. मग बघू."

नणंद कॉफी घेऊन बाहेर गेली. त्या काळात मुलीने मुलासमोर जाऊन अट घालण्याची पद्धत नव्हती. तिने त्याला पेला दिला आणि म्हणाली, "अम्मा म्हणतात, पुस्तक पहिल्या पानापासून वाचा आणि विष का घातलं ते येऊन सांगा. उत्तर त्यानंतर देऊ." मुलाच्या मावशींच्या हातून छत्री पडली. मुलाने पुस्तकाची पानं चाळून जाडी बघितली आणि विचारलं, "दोन रविवार चालतील?"

मी ते पुस्तक त्याच्या हाती दिलं. वाचनालयाचा तिसरा नियम मी त्या दिवशी मोडला. बाईंना मी ते कधी सांगितलं नाही.

पहिल्या रविवारी तो आलाच नाही. निरोप आला की वाचन निम्मं झालं आहे, आणि अपुरं सांगणं बरोबर नाही. नणंद म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं." तो आठवडा तिने मुलींच्या वह्या तपासण्यात घालवला. रोज जितक्या आणायची त्याच्या दुप्पट आणत होती. अत्तेंनी मला एकदा विचारलं, "दुसरं स्थळ बघायचं झालं तर ही तयार होईल का?" मी म्हणाले, मला वाटत नाही.

दुसऱ्या रविवारी दहा वाजता तो एकटा आला. खिशात चौकटीच्या कागदाची घडी होती. अत्ते माजघरात भिंतीला टेकून बसल्या. मामंजी वर्तमानपत्र घेऊन माजघरातच येऊन बसले. पुढच्या खोलीत ऊन येतं, असं त्यांनी सांगितलं. नणंद स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

मी बऱ्याच जणांच्या तोंडून गोष्टी ऐकल्या आहेत. इतकी वाईट सांगितलेली दुसरी नाही. यंत्राच्या तपासणीचा अहवाल वाचावा तसा तो वाचत होता.

"पान चौऱ्याऐंशी. पाऊस. कथानकाशी संबंध नाही. पान एकशे बारा. धाकट्या अक्का माळा झाडतात. थोरल्या अण्णांची जुनी पेटी सापडते. हे थोरले अण्णा मरायच्या आधीचं आहे. पुस्तकात नंतर सांगितलंय."

"पेटीत काय?" अत्तेंनी विचारलं.

"पत्र. चाळीस वर्षांपूर्वीचं. एका माणसानं धाकट्या अक्कांना मागणी घातली होती. पत्र थोरल्या अण्णांच्या नावानं आलं. त्यांनी परस्पर नकार कळवला. घर कोण सांभाळणार म्हणून."

"तिला न विचारता?"

"तिला न सांगता. तिला वाटत होतं, तो माणूसच पुन्हा आला नाही."

अत्ते भिंतीची टेक सोडून ताठ बसल्या. त्याने कागदावर पुढच्या ओळीला बोट लावून ठेवलं होतं.

"विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती का?" अत्तेंनी विचारलं.

त्याने कागद वरून खालपर्यंत पाहिला. मग उलटून मागे पाहिलं. "ते कुठे लिहिलेलं नाही," तो म्हणाला.

"लिहायला कशाला हवं?" नणंद दारातून म्हणाली. "विष घातलं ना तिनं?"

अत्तेंनी तिच्याकडे बघितलं. नणंदेने नजर खाली घेतली नाही. मग अत्ते मामंजींकडे वळल्या.

"पंचांग कुठे आहे?"

"कशाला?" मामंजींनी विचारलं.

"तुम्ही आधी आणा तर."

मामंजी उठले. मुलगा अजून कागदाकडेच बघत होता. "आणखी दोन कारणं आहेत," तो म्हणाला. "पान दोनशे सहा आणि..."

"ती असू देत," अत्ते म्हणाल्या. "लग्न झाल्यावर सांगा."